फिलिपिनो बेकरी-उपाहारगृहातील भोजन : काय पाहावे, काय विचारावे

फिलिपिन्समधील आणि परदेशातील फिलिपिनो वस्त्यांमधील लोकप्रिय खाद्यगृहे अनेकदा एकाच छपराखाली दोन व्यवसाय चालवतात. एका बाजूस पाव, केक आणि गोड पदार्थांची बेकरी असते, जिला स्पॅनिश वारशाने ‘पानादेरिया’ म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूस भात, रस्से, शेवया व तळलेले पदार्थ यांनी भरलेली परातींची रांग असते, जिच्यापुढे उभे राहून गिऱ्हाईक बोटाने पदार्थ दाखवते व वाढपी तो ताटात घालतो. या दुसऱ्या पद्धतीस ‘तुरो-तुरो’ असे नाव आहे. सॅन फ्रान्सिस्कोलगतच्या डेली सिटीत, दुबईच्या करामा आणि सतवा भागांत, तसेच वैद्यकीय शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थी जेथे जातात त्या दावाओ शहरात, मराठी माणसाचा या खाद्यगृहांशी संबंध येतो. तो सुखाचा व्हावा यासाठी काही गोष्टी आधी माहीत असणे आवश्यक ठरते, कारण येथे पदार्थाचे रूप पाहून त्याच्या घटकांचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

या धोक्याचे मूळ फिलिपिनो स्वयंपाकाच्या घडणीत आहे. स्पॅनिश सत्ता 1565 पासून 1898 पर्यंत टिकली आणि तिच्यासोबत डुकराची चरबी वापरून पाव व पेस्ट्री करण्याची रीत आली. त्याआधीपासून व नंतरही दक्षिण चीनमधील फूजियान प्रांतातून आलेल्या स्थलांतरितांनी शेवया, सोयाबीनचे पदार्थ, वाफवलेले भरले पाव आणि डाळीच्या सारणाची पेस्ट्री रुजवली. द्वीपसमूहाच्या स्वतःच्या परंपरेतून नारळाचे दूध, तांदळाचे वाफवलेले पदार्थ, शिरका आणि मिठात मुरवलेली मासळी आली. 1898 नंतरच्या अमेरिकी राजवटीत आयात केलेले गव्हाचे पीठ सर्वत्र पोचले आणि ज्या देशात गहू जवळजवळ पिकत नाही तेथे पाव हा सकाळचा सर्वसामान्य आहार बनला. या प्रवाहांच्या संगमात डुकराची चरबी आणि मुरवलेली मासळी यांना स्वतंत्र मांसाहारी पदार्थाचा दर्जा न राहता फोडणी, मोहन आणि मीठ यांचे स्थान मिळाले. म्हणूनच ज्या भाजीत मांसाचा तुकडा दिसत नाही तीही शाकाहारी असेलच, असे मानता येत नाही.

अशा एका गजबजलेल्या उपाहारगृहात रविवारच्या दुपारी घडलेला प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. शाकाहारी वडीलधारी मंडळी सोबत असलेल्या एका मराठी कुटुंबाने परातींच्या रांगेत भोपळा, वांगी, भेंडी, कारले आणि चवळीच्या लांब शेंगा यांची मिश्र भाजी पाहिली, ही भाजीच आहे ना असे विचारले, आणि वाढणाऱ्या स्त्रीने पूर्ण प्रामाणिकपणे होकार दिला. पहिल्याच घासाला कोळंबीची तीव्र चव लागली आणि वडीलधाऱ्यांनी जेवण तेथेच थांबवले. ही भाजी म्हणजे उत्तर लुझोनमधील इलोकोस प्रदेशाची ‘पिनाकबेत’ होती, जिच्यात खारवून मुरवलेली मासळी किंवा जवळा अर्थात ‘बागोओंग’ घालणे हे मीठ घालण्याइतकेच गृहीत असते. विक्रेतीने काही लपवले नव्हते आणि कुटुंबाने काही अवास्तव मागितले नव्हते. दोन्ही बाजूंनी ‘भाजी’ या वर्गाची वेगवेगळी कल्पना मनात ठेवून संवाद केला, आणि म्हणून तो फसला.

ही दरी समजून घेण्यासाठी धर्माचाही विचार करावा लागतो. फिलिपिन्समधील बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत आणि कॅथलिक आचारात वर्ज्य दिवशी, विशेषतः ईस्टरपूर्व उपासकाळातील शुक्रवारी, पशुपक्ष्यांचे मांस टाळले जाते; मासळी मात्र चालते. शुक्रवारी घरोघरी होणारी मुगाची आमटी, ‘गिनिसांग मुंगो’, या आचाराशी जोडलेली आहे, आणि तिच्यात धुरी दिलेली मासळी किंवा कोळंबी पडणे अगदी स्वाभाविक मानले जाते. मांसविरहित आणि शाकाहारी या दोन कल्पना तेथे एकरूप नाहीत. यातून निघणारा पहिला नियम असा की, पदार्थ शाकाहारी आहे काय असे न विचारता वर्ज्य घटकाचे नाव घेऊन विचारावे. तागालोग भाषेत ‘माय बागोओंग पो बा इतो?’ म्हणजे ‘यात बागोओंग आहे का?’; बागोओंगच्या जागी ‘पातीस’ म्हणजे मासळीचे खारे पाणी, ‘हिपोन’ म्हणजे कोळंबी, ‘इस्दा’ म्हणजे मासा, ‘बाबोय’ म्हणजे डुक्कर, ‘बाका’ म्हणजे गोमांस आणि ‘इतलोग’ म्हणजे अंडे असे शब्द घालता येतात. ‘पो’ हा आदरदर्शक शब्द आहे आणि तो वगळू नये. वाढणाऱ्यास ‘कुया’ म्हणजे दादा किंवा ‘आते’ म्हणजे ताई अशी हाक मारण्याची तेथे रीत आहे, आणि अशा हाकेने विचारलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळते.

बेकरीच्या बाजूस धोका कमी आहे असे वाटते, परंतु तेथेच तो अधिक झाकलेला असतो. ‘होपिया’ ही पापुद्र्यांची लहान गोल पेस्ट्री असून तिच्या ‘मुंगो’ प्रकारात मुगाचे पुरणासारखे गोड सारण असते; तरीही तिचे आवरण परंपरेने डुकराच्या चरबीचे मोहन घालून केले जाते, आणि अनेक बेकऱ्यांनी वनस्पतिजन्य चरबी स्वीकारली असली तरी प्रत्येक ठिकाणी विचारणे आवश्यक आहे. ‘होपियांग बाबोय’ या प्रकारात कोहळ्याच्या पाकातील फोडींसोबत चरबी सारणातच असते. ‘एन्सायमादा’ हा मायोर्का बेटावरून आलेला गुंडाळीचा पाव तेथे मूळ रूपात डुकराच्या चरबीने होतो, तर फिलिपिन्समध्ये तो लोणी, साखर आणि किसलेले चीज यांनी सजतो. अंडे मात्र त्यात असतेच. ‘पान्देसाल’ या सकाळच्या पावाच्या नावात मीठ असले तरी चव किंचित गोड असते, आणि त्याच्याही पिठात कोणती चरबी मळली आहे हे बेकरीगणिक बदलते. ‘सिओपाव’ या वाफवलेल्या पांढऱ्या पावात बहुधा डुकराचे किंवा कोंबडीचे मांस भरलेले असते आणि त्याच्या आवरणातही चरबी असू शकते.

परातींच्या रांगेत नावावरून फसगत करणारे पदार्थ आणखी आहेत. ‘लाइंग’ ही बिकोल प्रदेशातील नारळाच्या दुधात शिजवलेली अळूच्या पानांची भाजी असून तिच्यात सुकी मासळी, जवळा किंवा डुकराचे मांस घातले जाते. ‘तोक्वात बाबोय’ या पदार्थात टोफूसोबत डुकराचे मांस व कान असतात, त्यामुळे टोफू दिसला म्हणजे पदार्थ निर्धोक, हा समज टिकत नाही. ‘पान्सित पालाबोक’ या तांदळाच्या शेवयांवरील नारिंगी रस कोळंबीचा असतो आणि वर कुरकुरीत डुकराच्या कातडीचा चुरा भुरभुरलेला असतो. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘कारे-कारे’ आणि ‘तापसिलोग’ यांच्याबाबत सावध राहावे, कारण पहिल्यात बहुधा गाईबैलाचे शेपूट व आतडी शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजवलेली असतात, आणि दुसऱ्यात मुरवलेले गोमांस, लसणीचा परतलेला भात आणि अंडे असते. शेंगदाण्याची किंवा कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ही माहिती आवडीनिवडीपलीकडची आहे, आणि अशा व्यक्तीने एकच डाव अनेक परातींत फिरताना दिसल्यास तेथील रस्से खाऊ नयेत.

आरोग्याच्या दृष्टीने दुसरा नियम परातीच्या स्थितीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूचनांनुसार शिजवलेले अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानात ठेवावे आणि सामान्य तापमानात ते दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. नारळाच्या दुधाचे पदार्थ आणि शिजलेला भात उष्ण हवेत लवकर बिघडतात, म्हणून वाफ निघत असलेली, नुकतीच भरलेली परात निवडावी आणि तळाशी उरलेला थंड रस्सा सोडून द्यावा. यासाठी दुपारच्या जेवणाची वेळ सुरू होताच पोचणे सर्वांत उपयुक्त असते. पान्देसाल पहाटेपासून भाजला जातो आणि तो गरम असतानाच खावा. ‘मेरिएंदा’ म्हणजे दोन जेवणांच्या मधल्या वेळचे खाणे हाही तेथील जेवणाइतकाच नियमित प्रकार आहे आणि बेकरीतील गोड पदार्थ त्या वेळी रिचवले जातात. 16 डिसेंबरपासून नाताळापर्यंत पहाटेच्या प्रार्थनांचा काळ असतो. तेव्हा मागणी फार वाढते, म्हणून हवे असलेले पदार्थ आधी नोंदवणे शहाणपणाचे ठरते.

शाकाहारी व्यक्तीला येथे काहीच मिळत नाही, असा निष्कर्ष मात्र चुकीचा होईल. ‘काकानिन’ या नावाने ओळखले जाणारे तांदूळ आणि नारळ यांचे पदार्थ हा या बेकऱ्यांचा सर्वांत समृद्ध आणि बहुतांशी निर्धोक विभाग आहे : चिकट तांदूळ, नारळाचे दूध आणि तपकिरी साखर यांचा ‘बिको’, पानात गुंडाळून शिजवलेला ‘सुमान’, तपकिरी रंगाची लुसलुशीत ‘कुत्सिंता’. वाफवलेल्या ‘पुतो’त मात्र कधी अंडे वा चीज असते आणि ‘बिबिंका’वर खारवलेले अंडे ठेवतात, एवढे लक्षात ठेवावे. ‘तुरोन’ म्हणजे केळे व फणस पातळ पारीत गुंडाळून साखर लावून तळलेला पदार्थ. तो मागताना मांसाचे सारण पारीत गुंडाळलेले ‘लुम्पिया’ त्याच तेलात तळले जातात काय हे विचारावे. ‘गुलामान’ ही जेली समुद्री शेवाळापासून होते आणि मराठी घरांतील चायना ग्रासशी तिचे नाते आहे, परंतु मूस-केकमधील जिलेटिन प्राणिजन्य असते. जांभळ्या ‘उबे’च्या रूपाने तर महाराष्ट्रात परिचित असलेले कोनफळच समोर येते, कारण दोन्ही एकाच वनस्पतिजातीची कंदमुळे आहेत; त्याचा नारळाच्या वा गाईच्या दुधात आटवलेला मुरंबा अवश्य चाखावा. गडद जांभळा रंग मात्र अनेकदा कृत्रिम अर्काचा असतो, म्हणून कंदाचा कीस खरोखर वापरला आहे काय याची चौकशी करावी.

व्यवहाराच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेशा आहेत. लहान बेकऱ्यांत रोख रक्कम जवळ असावी, आणि शेवयांचा मोठा थाळा अनेकांनी मिळून खाण्यासाठी असतो हे जाणून प्रत्येकासाठी वेगळा मागवू नये. पण सर्वांत महत्त्वाचे हे की, विचारण्याचा संकोच टाळावा. अन्नाचे आमंत्रण देणे हा फिलिपिनो सौजन्याचा सहज भाग आहे आणि आपल्या पदार्थांविषयी आस्थेने विचारणारा पाहुणा तेथे आनंदाने स्वीकारला जातो. उलट अर्धवट प्रश्न विचारून अन्न पानात टाकणारा पाहुणा स्वतःचे व्रत आणि यजमानाचे कष्ट दोन्ही वाया घालवतो. ज्याला आपण काय खात नाही हे नेमक्या शब्दांत सांगता येते, त्याला परक्या स्वयंपाकघरातील खाण्याजोग्या पदार्थांपर्यंत निर्धास्तपणे पोचता येते, आणि फिलिपिनो बेकरीत असे पदार्थ पुष्कळ आहेत.