रात्रीचा उष्माघात

गेल्या आठवड्यात गावातील एका क्रीडा मंडळाची मुले दवाखान्यात आली होती. मे महिन्यात प्रकाशझोतात कबड्डीचे सामने भरवायचे आहेत, डॉक्टर म्हणून मैदानावर बसाल का, असे विचारायला. उकाड्याचे काय, असे मी म्हणताच एकजण हसला. "डॉक्टरकाका, सामने रात्री आहेत. रात्री कसलं आलंय ऊन?"

त्याला मी दोहाची हकिकत सांगितली. आज तीच वाचकांपुढे ठेवतो.

२०१९ साली जागतिक अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा कतारची राजधानी दोहा येथे भरली. स्टेडियम वातानुकूलित करून झाले, परंतु मॅरेथॉनचा ४२ किलोमीटरचा रस्ता थंड कसा करणार? म्हणून महिलांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू करण्यात आली. सूर्य मावळून कित्येक तास लोटले होते. तरीही तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या पुढे आणि हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक! ६८ जणी धावू लागल्या, शेवटपर्यंत पोहोचल्या फक्त ४०. काहींना चाकांच्या खुर्चीवरून न्यावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. केनियाची रुथ चेपनगेटिच २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंदांत पहिली आली. हीच धावपटू त्याच वर्षी जानेवारीत दुबईला २ तास १७ मिनिटे ८ सेकंदांत धावली होती. तेही आखातच, पण ऋतू हिवाळ्याचा.

असे का व्हावे? पळताना किंवा झुंजताना स्नायूंत तयार होणाऱ्या शक्तीचा जेमतेम पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. आषाढात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत ना, तसेच दमट हवेत अंगावरच्या घामाचे होते. टपटप गळणारा घाम वाया गेलेला घाम समजावा. आणि समुद्रकाठची हवा रात्री अधिकच दमट होते.

आयोजकांना हे कळत नाही असे नाही. २०२२ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा कतारमध्ये होती, ती उन्हाळ्यातून काढून नोव्हेंबर-डिसेंबरात नेली गेली. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेला सापोरोला हलविली, तरी ७ ऑगस्ट २०२१ रोजी महिलांची शर्यत उकाड्यामुळे आणखी एक तास अलीकडे, सकाळी ६ ला घ्यावी लागली. १९६४ साली याच टोकियोने ऑलिंपिक ऑक्टोबरात भरविले होते!

आता माझी स्वतःची चूक सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी अशाच रात्रीच्या सामन्यांतून एका मुलाला माझ्याकडे आणले. मुंबईला दुकानात बसून काम करणारा, सुटीत आदल्याच दिवशी गावी आलेला. तो बरळत होता, झोकांड्या जात होता. बरोबरच्यांना वाटले, प्यायला आहे. अंग घामाने ओले, म्हणून उष्माघात माझ्याही मनात उशिरा आला. मी पॅरासिटामॉल दिले, सलाईन लावले आणि जीपमध्ये घालून तासाभराच्या अंतरावरील मोठ्या रुग्णालयात धाडले. वाटेत कोणी त्याच्यावर तांब्याभर पाणीदेखील ओतले नाही, कारण मी तसे सांगितले नव्हते. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

खेळाडूच्या उष्माघातात कातडी कोरडी असेलच असे नाही. काखेतला थर्मामीटरही फसवतो. खेळता खेळता माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, तोल गेला किंवा कोसळला, की उष्माघातच धरून चालावे. हा ताप नव्हे, त्यामुळे तापाच्या गोळीचा उपयोग नाही. आधी थंड करा, मग हलवा. पहिला अर्धा तास मोलाचा. दोह्यातल्यासारखे टब आपल्याकडे कुठले? ताडपत्री घ्या, चौघांनी कडा उचलून धरा, मध्ये त्याला निजवा आणि बर्फाचे पाणी ओतून सतत हलवीत राहा. डोके मात्र वर धरलेले असावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असलेल्यालाही बळेच तांब्यामागून तांबे पाजू नयेत. फार पाण्याने रक्तातील सोडियम उतरते, आणि तेही जिवावर बेतते. तहानेप्रमाणे प्यावे.

शरीराला उकाड्यात खेळायची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून मंडळाला मी म्हटले, आदल्या दिवशी उतरलेल्या चाकरमान्याला लगेच मैदानात उतरवू नका; नाहीतर सामने डिसेंबरात घ्या. डिसेंबरात मुंबईची मुले येत नाहीत, असे उत्तर मिळाले. ताडपत्री आणि बर्फाच्या चार लाद्या कबूल झाल्या आहेत. मुंबईकरांनी दहा दिवस आधी यावे, ही अट कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणाले. निरोपाची वाट पाहतो आहे.