विशाल संगणक-भांडाराची आखणी

संगणकाच्या तबकडीवर माहिती साठविण्यापूर्वी तिची आखणी करावी लागते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. घरातील लहान यंत्रात ही आखणी बहुधा आधीच होऊन येते आणि ती कशीही असली तरी निभावून जाते. परंतु भांडार कित्येक टेबीबाइटांचे असेल, तर आरंभीच्या एका आज्ञेत जे ठरते ते पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागते.

लिनक्स या कार्यप्रणालीतील ‘एक्स्ट-४’ ही पद्धत उदाहरणादाखल घेऊ. २००८ सालापासून ती स्थिर मानली जाते. तिच्यात प्रत्येक फाइलीमागे ‘इनोड’ नावाची एक नोंद असते. ग्रंथालयातील पुस्तकामागे जसे सूचिपत्र, तसेच हे. त्यावर फाइलीचा आकार, मालक, वेळ आणि मजकूर कोठे ठेवला आहे याचा निर्देश असतो. (फाइलीचे नाव मात्र त्यावर नसते, हे ऐकून अनेकांस नवल वाटते.) ही सूचिपत्रे गरजेनुसार छापली जात नाहीत. आखणीच्या वेळीच त्यांचे प्रमाण ठरते व मागाहून ते बदलता येत नाही.

नेहमीचे प्रमाण म्हणजे दर १६,३८४ बाइटांमागे एक इनोड, आणि प्रत्येक इनोड २५६ बाइटांचा. हेच १६ टेबीबाइटांच्या भांडारास लावून पाहा. १०७ कोटींहून अधिक नोंदी होतात आणि केवळ त्यांच्यापायी २५६ गिबीबाइट जागा अडते. एवढे मोठे भांडार दिसल्यावर आज्ञावली सामान्यतः हे प्रमाण ६५,५३६ पर्यंत सैल करते. तरीही ६४ गिबीबाइट जातातच. त्यात प्रत्येकी एक गिबीबाइटाची चित्रफीत ठेवावयाची असेल, तर अशा फिती सोळा हजारांच्या आसपासच मावणार. मग कोट्यवधी कोऱ्या पत्रांचे प्रयोजन काय? दर एका मेबीबाइटामागे एक इनोड अशी निवड केली की नोंदींना अवघे ४ गिबीबाइट पुरतात.

उलट बाजू अधिक घातक आहे. दहा-दहा किबीबाइटांची असंख्य पत्रे साठविणाऱ्याने हीच काटकसर केली, तर सुमारे १ कोटी ६७ लाख फाइलींनंतर सूचिपत्रे संपतात. त्या वेळी भांडाराचा जेमतेम एक शतांश भाग भरलेला असतो, आणि यंत्र ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून सांगते. कपाट रिकामे आणि दारावर ‘भरले’ अशी पाटी! मग सारा ऐवज अन्यत्र हलवून आखणी नव्याने करणे, हाच खात्रीचा उपाय उरतो.

व्यवस्थापकासाठी शेकडा ५ जागा राखण्याची प्रथा आहे. १६ टेबीबाइटांत ती ८१९ गिबीबाइट भरते. हे राखीव प्रमाण मागाहूनही कमी करता येते, म्हणून त्याची चिंता नको.

मोठे भांडार बहुधा अनेक तबकड्या जुळवून केलेले असते. दहांपैकी आठ तबकड्यांइतकी जागा माहितीस, दोहोंइतकी दुरुस्तीच्या संकेतांस, आणि प्रत्येकीवर एका वेळी ६४ किबीबाइटांचा तुकडा अशी रचना असेल, तर माहितीची एक पूर्ण ओळ ५१२ किबीबाइटांची होते. ४ किबीबाइटांच्या ब्लॉकांत मोजल्यास तुकडा १६ व ओळ १२८. हे आकडे आखणीत द्यावेत. कारण ओळ अर्धवट लिहिली गेली की यंत्रास जुना मजकूर वाचून संकेत पुन्हा मांडावे लागतात व लेखन मंदावते.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९० च्या दशकात सिद्ध केलेली ‘एक्सएफएस’ पद्धत इनोड गरजेप्रमाणे निर्माण करते. फाइली किती व केवढ्या येणार हे सांगता येत नसेल, तेथे आमचा कल तिच्याकडे आहे. मात्र ते भांडार वाढविता येते, लहान करणे जवळजवळ अशक्य. ‘एक्स्ट-४’ निदान वापर थांबवून आखडता येते.