घरची मोरी आणि शेजाऱ्याची विहीर

घरचें सांडपाणी उंबऱ्याबाहेर गेलें म्हणजे आपला त्याशीं संबंध तुटला, असें आपणांस वाटतें. तसें नाहीं, हें लंडन शहरास सन १८५४ मध्यें शेंकडों जीव गमावून शिकावें लागलें.

त्या काळीं तेथें व्हिक्टोरिया राणीचें राज्य होतें. शहराची वस्ती वीस लाखांहून अधिक होती. पुष्कळ घरांपाशीं विटांनीं बांधलेला मैल्याचा खड्डा असे. मोरीचें पाणी त्यांत जाई व तेथून जमिनींत झिरपे. पटकी दुर्गंधीच्या हवेनें होते, असें बहुतेक विद्वानांचें मत होतें. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनीं सन १८४९ मध्यें लिहिलें कीं, ती दूषित पाण्यानें होते. पण फार थोड्यांनीं तें मानिलें.

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीट येथें पटकी उद्भवली आणि सुमारें दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. स्नो ह्यांनीं घरोघर चौकशी केली. मेलेल्यांपैकीं बहुतेक जण त्या रस्त्यावरील एकाच पंपाचें पाणी पीत असत. जवळच्या दरिद्रीगृहांत पांचशेंहून अधिक लोक राहत, पण तेथें स्वतंत्र विहीर होती. तेथें पांचच दगावले. ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. साथ तोंवर ओसरूं लागली होती.

सेंट ल्यूक मंडळीचे तरुण साहाय्यक पाळक हेन्री व्हाइटहेड ह्यांस स्नो ह्यांचें मत पटलें नाहीं. तें खोटें ठरवावें ह्या हेतूनें ते चौकशीस लागले. त्या वस्तींतील कुटुंबें त्यांच्या ओळखीचीं होतीं. ते एकाच घरीं पुनःपुन्हा जात आणि कोण कोणतें पाणी प्यालें हें विचारून घेत. पुरावा आपल्या मताविरुद्ध जातो असें दिसतांच त्यांनीं तो प्रांजळपणें मान्य केला.

पुढें मृत्यूंची नोंद पाहतांना त्यांस आढळलें कीं, साथीच्या आधीं थोडे दिवस ४० क्रमांकाच्या घरीं एक तान्हें मूल हगवणीनें आजारी पडलें व २ सप्टेंबर रोजीं वारलें. त्याच्या दुपट्यांचें पाणी आईनें घरासमोरील खड्ड्यांत ओतलें होतें. सन १८५५ मध्यें खणून पाहिलें, तों खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्या आंत! त्या माउलीनें कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. तिनें आपल्या लेकराची सेवाच केली होती. परंतु अज्ञानानें ओतलेलें पाणीही शेजाऱ्याच्या घड्यांत शिरतें.

पुढें काय झालें? शहराचा मैला थेम्स नदींत जात राहिला. सन १८५८ च्या उन्हाळ्यांत तिच्या दुर्गंधीनें पार्लमेंटचे सभासदही हैराण झाले, तेव्हां कोठें पैसा मंजूर झाला. इंजिनियर जोसेफ बॅझलजेट ह्यांनीं मैला शहराच्या पूर्वेस दूर नेणारीं गटारें बांधलीं. सन १८६६ ची पटकी मुख्यतः पूर्व लंडनांत पसरली, कारण तेथें काम पुरें झालें नव्हतें. त्यानंतर त्या शहरांत तिची मोठी साथ आली नाहीं.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत देवानें इस्राएलांस छावणीबाहेर जागा ठेवून मैला मातीनें झांकण्याची आज्ञा दिली आहे. ही गोष्ट त्यानें क्षुद्र मानिली नाहीं. आपणही मानूं नये. शेजाऱ्यावरील प्रीति प्रार्थनेंत दिसावी तशी मोरींतही दिसावी. शौचकूप विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. जमीन रेताड किंवा भेगांची असल्यास त्याहूनही दूर. रोग्याचे कपडे विहिरीपाशीं वा ओढ्यांत धुऊं नयेत. साथ असतां पाणी उकळून प्यावें.

उपदेशकबंधूंनो, डॉक्टरापाशीं विद्या होती, पाळकापाशीं घरोघरची ओळख होती; दोन्ही एकत्र आलीं तेव्हां सत्य उघड झालें. गांवांतील हगवण-वांतीची बातमी पुष्कळदां प्रथम तुमच्याच कानीं येते. त्या घरीं प्रार्थना अवश्य करा; पण पाणी कोठून येतें व मोरी कोठें जाते हें पाहिल्याशिवाय परतूं नका, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यास कळवा.