नदीचे मूक साक्षीदार : जलकीटकांच्या अळ्या

नदीचे पाणी निर्मळ आहे की दूषित, हे केवळ डोळ्यांनी पाहून ठरविता येत नाही. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासला, तर तो ज्या क्षणी घेतला त्या क्षणाचीच स्थिती कळते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. परंतु तळाच्या दगडांखाली राहणाऱ्या कीटकांच्या अळ्या कित्येक आठवडे, काही तर वर्षभर पाण्यातच वाढतात; त्यांना सहजी दूर जाता येत नाही. म्हणून मागील काळात त्या पाण्याची स्थिती कशी होती, याची साक्ष त्या देतात.

ही साक्ष मुख्यतः प्राणवायूविषयीची असते. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाण्यात मैला मिसळला, म्हणजे त्याचे विघटन करणारे जीवाणू हा प्राणवायू वापरून टाकतात. स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या कीटकांच्या बहुतेक जातींना ही टंचाई सोसत नाही. त्या प्रथम नाहीशा होतात. याउलट, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमस कीटकाच्या अळ्यांत हीमोग्लोबिन असते. त्यामुळे त्या तांबड्या दिसतात व अत्यल्प प्राणवायूवरही गाळात जगतात.

जर्मनीतील कोल्कविट्झ व मार्सन या शास्त्रज्ञांनी १९०८ व १९०९ साली अशा सूचक सजीवांचे वर्गीकरण केले. पुढे ब्रिटनमध्ये प्रत्येक कुलास त्याच्या संवेदनशीलतेनुसार १ ते १० गुण देण्याची पद्धत रूढ झाली. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जैविक पाहणीची पद्धत यमुनेसारख्या नद्यांसाठी वापरली आहे.

पाहणीची रीत सोपी आहे. उथळ प्रवाहात जाळी धरून तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळतात. सुटलेल्या अळ्या प्रवाहाबरोबर जाळीत येतात. त्या पांढऱ्या थाळीत घेऊन त्यांचे प्रकार मोजतात. नाला मिळण्याच्या वर व खाली, तळ व प्रवाह सारखा असलेल्या दोन जागा निवडाव्यात; कारण संथ, गाळयुक्त पाण्यात प्रदूषण नसतानाही काही जाती आढळत नाहीत.

मात्र एक गोष्ट विसरू नये. अळ्यांच्या साक्षीवरून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही. रोगजंतू त्यांच्या सोबतीनेही असू शकतात. त्यासाठी स्वतंत्र परीक्षाच केली पाहिजे.