पाचवे शील आणि सम्यक् आजीविका

(बेघर व व्यसनग्रस्त बांधवांसाठी वस्तीतील कार्यशाळा : एक अभ्यासपाठ)



आपण विहारात त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो. मद्यपानापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा पाचव्या शीलात आहे, आणि पूज्य बाबासाहेबांनी १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ती आहे. समजा, फुटपाथवर राहणाऱ्या एखाद्या माणसाने आज सायंकाळी मनापासून हे शील घेतले. विहाराचे दार बंद झाल्यावर तो कोठे जाईल? त्याला घर नाही, रेशनकार्ड नाही, ओळख पटविणारा कागद नाही. त्याच फुटपाथवर, त्याच सोबत्यांत, गुत्त्यापासून वीस पावलांवर त्याला रात्र काढायची आहे. सकाळी उठून जायला काम नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा प्यालेला दिसला की आपण म्हणतो, 'याच्यात निश्चयच नाही!'

असे म्हणण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. अष्टांगिक मार्गात सम्यक् संकल्प आहे, तशी सम्यक् आजीविकाही आहे. संकल्प त्याने केला. आजीविका त्याने एकट्याने कोठून आणावी?

हे चार-दोन माणसांचे दुखणे आहे असे समजू नका. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर माणसे मोजली गेली. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार दारूच्या दुष्परिणामांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटींच्या वर आहे.

१. धम्म काय सांगतो?

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त पाहा. एका राजाने राज्याचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी जन्मली. पकडून आणलेल्या चोराने 'माझे पोट भरत नाही' असे सांगितले, तेव्हा राजाने त्याला धन दिले. ते ऐकून इतरही चोरी करू लागले. मग राजाने शिरच्छेद आरंभला, तर चोरांनीही शस्त्रे उचलली. सुत्ताचा बोध स्पष्ट आहे. अनर्थ घडल्यानंतर हातावर टेकविलेले दान निष्फळ ठरले आणि शिक्षाही निष्फळ ठरली. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात याच सुत्ताचा आधार घेतला आहे.

मग करावे काय? उत्तर कूटदंत सुत्तात आहे. राज्यात लूटमार माजली असता शहाणा पुरोहित राजाला सांगतो की, मारून, बांधून, हद्दपार करून हा उपद्रव संपणार नाही. जो शेती करतो त्याला बी-बियाणे द्यावे, व्यापार करतो त्याला भांडवल द्यावे, सेवा करतो त्याला अन्न व वेतन द्यावे. माणसे आपापल्या कामात गुंतली की उपद्रव आपोआप शमतो. म्हणजे भगवंतांच्या शिकवणुकीत साधन देणे हा दुःखनिवारणाचाच भाग आहे.

२. एक बौद्ध प्रयोग

हे आजच्या काळात शक्य आहे काय? अमेरिकेतील एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. बर्नी ग्लासमन हे विमानविद्येचे अभियंते जपानी गुरू मायेझुमी यांचे शिष्य झाले आणि पुढे झेन पंथाचे आचार्य झाले. त्यांनी १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये 'ग्रेस्टन' नावाची बेकरी काढली. ती लवकरच लगतच्या याँकर्स शहरात गेली. आरंभी तेथे ध्यानाचे विद्यार्थीच काम करीत. पण सभोवती बेघर कुटुंबे, तुरुंगातून सुटलेली माणसे आणि व्यसनाने खचलेले तरुण होते. ग्लासमन यांनी बेकरीचे दार त्यांच्यासाठी उघडले.

तेथील नोकरभरतीची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काम हवे असेल त्याने यादीत नाव लिहावे. जागा रिकामी झाली की पुढच्या नावाला बोलावणे जाई. मागे काय केलेस, तुरुंगात होतास काय, असे विचारले जात नसे. मात्र कामावर आल्यावर वेळ पाळावी लागे आणि काम शिकावे लागे. ज्यांना जमत नसे ते गळत. जे टिकत ते कायम होत. माल दर्जेदार असल्याने एका नामांकित आइस्क्रीम कंपनीने आपल्या आइस्क्रीममध्ये घालण्याचा केक वर्षानुवर्षे याच बेकरीकडून घेतला. काम दिले म्हणजे कर्तव्य संपले असेही त्यांनी मानले नाही. बेघर कुटुंबांसाठी घरे, कामकरी आयांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि एड्सग्रस्तांसाठी 'मैत्री' नावाचे केंद्र या संस्थेने उभारले. ग्लासमन २०१८ साली निवर्तले.

३. आपल्या वस्तीत कसे करावे?

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी काम देणाऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. आपल्या कार्यशाळेची नियमावली त्यांतूनच तयार होते.

पहिले, शक्तीनुसार काम. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर पहिल्या काही दिवसांत थरथर, आकडी, भ्रम असे प्रकार होतात आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर, नंतर काम. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले 'मुक्तांगण' अशा उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही दूरध्वनी सेवाही आहे. सावरलेल्या माणसाला आरंभी कात्री, पाते किंवा यंत्र देऊ नये. घड्या घालणे, मोजणे, बांधणे अशी कामे द्यावीत.

धंदा निवडतानाही विवेक हवा. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य आहे. ज्यात थिनर किंवा चिकटवण्याचे सोल्युशन लागते तो धंदाही टाळावा, कारण त्याचा वास घेण्याचे व्यसन असते. कापडी पिशव्या, गोधड्या, खळीने चिकटवलेल्या कागदी पिशव्या, पोळी-भाजीचे केंद्र हे धंदे थोड्या भांडवलात उभे राहतात. आणखी एक गोष्ट. 'यांना झाडूच द्या' असे कोणी सुचवील. ते मान्य करू नका. ज्यांच्या हातचे पाणी एके काळी चालत नव्हते, त्यांच्या हातची पोळी लोकांनी दाम मोजून घ्यावी, यात क्रांतीचा अंश आहे.

दुसरे, अन्न व वेतन. दुपारचे जेवण कार्यशाळेतच असावे. पगाराचा दिवस हा व्यसनातून उठणाऱ्यासाठी सर्वांत कठीण दिवस. म्हणून पगाराचा काही भाग पोस्टात किंवा बँकेत टाकण्याची सोय करावी, पण त्याच्या संमतीनेच. पैसा त्याच्या घामाचा आहे. बेघर माणसाला अंघोळीची जागा आणि कागदपत्रे ठेवायला कुलपाची पेटी द्यावी. पेटीची किल्ली त्याच्याजवळच राहावी.

तिसरे, आजारात शुश्रूषा. सुटलेली दारू पुन्हा सुरू होणे हे आजाराचे उलटणे आहे. पिऊन आलेल्याला त्या दिवशी कामावर घेऊ नये, कारण त्यात त्याला व इतरांना इजा होईल. पण त्याला डॉक्टरकडे न्यावे आणि उद्याचे दार उघडे ठेवावे. संघाने टाकलेल्या, मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले, ही विनयपिटकातील कथा येथे आठवावी.

चौथे, लाभात वाटा. सुत्तात चांगल्या पदार्थांचा वाटा देण्यास सांगितले आहे. आपण नफ्याचा वाटा द्यावा. विक्रीचे पैसे आणि देणगीचे पैसे यांचे हिशेब वेगळे लिहून भिंतीवर लावावेत. कमिटीत कामगारही असावेत. काम स्थिरावल्यावर १९६० च्या कायद्याखाली सहकारी संस्था नोंदवता येते.

पाचवे, वेळेवर सुट्टी. दवाखाना, व्यसनमुक्तांची बैठक, दुरावलेल्या मुलाबाळांची भेट यांसाठी रजा मिळालीच पाहिजे.

याच सुत्तात कामगाराचीही कर्तव्ये आहेत. दिले तेवढेच घ्यावे आणि काम चोख करावे. दयेपोटी विकत घेतलेली पिशवी गिऱ्हाईक एकदाच घेते. शिवण पक्की असेल तरच ते पुन्हा येते.

४. एक आक्षेप

कोणी विचारील, 'आमची शिकलेली मुले बेकार असताना या बेवड्यांना काम का?' प्रश्न कडू आहे, पण रास्त आहे. उत्तर असे की, याच शिकलेल्या मुलांनी हिशेब, खरेदी-विक्री आणि शिकवण्याचे काम घ्यावे. कार्यशाळेला त्यांचीही गरज आहे. आणि ज्याला आपण 'बेवडा' म्हणतो तो कोणाचा तरी बाप आहे. त्याच्या घरची मुलगी शाळा सोडून धुणीभांडी करीत असेल, तर त्याचे सावरणे हा शिक्षणाचाही प्रश्न आहे.

पाच माणसे, एक खोली आणि दोन शिलाई यंत्रे एवढ्यावर आरंभ करता येतो. विहाराची खोली आठवड्यातील किती दिवस कुलूपबंद असते, हे मोजून पाहा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तातील राजाचे दान निष्फळ का ठरले? कूटदंत सुत्तातील उपाय त्याहून वेगळा कसा?
२. पिऊन आलेल्या कामगाराबाबत आपल्या कार्यशाळेचा नियम काय असावा?
३. आपल्या वस्तीत रोज विकली जाईल अशी, पंधरा दिवसांत शिकता येणारी वस्तू कोणती?
४. या वर्षी पाचवे शील घेऊन ते मोडलेल्या किती जणांच्या हाताला काम होते?