कड्यांचा जोड

कसबा पेठेतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या माजघराला जे दोन झडपांचे सागवानी दार आहे, त्याच्या उजव्या झडपेचे पितळी कडे एके दिवशी एका पाहुण्याच्या हातातच आले, आणि त्या क्षुल्लक अपघाताचे निवारण करताना मी जो उतावीळपणा केला, त्याची भरपाई करण्यात माझे जवळजवळ एक वर्ष खर्ची पडले. सुताराने सुचविले की एक बदलण्यापेक्षा दोन्ही बदलावी, म्हणजे सारखी दिसतील. मी मान डोलावली आणि कामावर गेलो. सायंकाळी परतलो तेव्हा मोडके कडे व त्याचा धडधाकट जोडीदार हे दोन्ही जिन्नस मोडवाल्याच्या तराजूत पडून शेरभर भाजीच्या किमतीला रवाना झाले होते.

नव्या मुठी सोन्यासारख्या चकाकत होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात मुलामा उडाला, आतले लोखंड गंजले, आणि दमट हवेत लोखंडाशी सागाचा संबंध येताच जसे होते तसे, सभोवारच्या लाकडावर काळे डाग उतरले. विकत घेतेवेळी खिशात चुंबक असते तर हा प्रसंग टळला असता. निखळ पितळेला चुंबक धरीत नाही.

मग शोध सुरू झाला. बोहरी आळीतील दुकानदाराचा पहिला प्रश्न, ‘नमुना आणलाय?’ आणि माझे उत्तर म्हणजे हवेत काढलेले वर्तुळ! म्हणून ज्यांच्या घरी असे दार असेल त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, नवे हाती येईपर्यंत जुने काढूच नये, आणि तुटलेला तुकडासुद्धा दस्तऐवजासारखा जपावा. मापे घ्यायची ती छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्या छिद्राच्या मध्यापर्यंत, आणि जुने काम इंच-सुताचे आहे हे ध्यानात ठेवून. कारण ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर होतात, आणि दुकानातील मूठ बहुधा ९६ किंवा १२८ची निघते. फळीची जाडी तर हमखास विसरली जाते. जुन्या कड्याच्या खिळ्याचे दोन पाय फळीतून आरपार नेऊन मागील अंगाला विलग करून ठोकलेले असतात. आमची फळी पुरी २ इंच जाड, तिला आजच्या पातळ दारांसाठी घडविलेले सामान कोठून पुरणार?

जुन्या बाजारात तीन रविवार घालविल्यावर अगदी आमच्यासारखे एक कडे मिळाले. एकच. जोड करून घ्यावा म्हणून मी ते घेऊन तांबट आळी गाठली, तेव्हा एका वृद्ध कारागिराने हातोडी खाली न ठेवताच सांगितले, ‘काका, आम्ही पत्रा ठोकणारे. हे ओतीव काम, ओताऱ्याकडे जा.’ साठ वर्षे कसब्यात काढून हा भेद मला ठाऊक नसावा, याची लाज वाटली.

ओताऱ्याने वाळूत साचा उठवून कडे ओतून दिले, परंतु पितळ निवताना शेकडा सुमारे दीड आकसते, हे मला घरी येऊन दोन्ही कडी एकमेकांवर ठेवल्यावर कळले. ४ इंचांच्या कड्यात अर्ध्या सुताची तूट. नमुना देतानाच त्याला ‘भर धरून ओता’ म्हणून बजावले असते, तर त्याने मेणाचा थर चढवून ती भरून काढली असती.

बसविण्याचे काम मात्र मी समोर बसून करवून घेतले. नव्या मुठींची निरुपयोगी छिद्रे सुताराने सागाच्याच गुट्ट्या सरसात बुडवून बुजविली, मागच्या पट्टीसाठी आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून वाट करून घेतली, आणि मगच साबण लावून पितळी स्क्रू बसविले, कारण मऊ पितळेचे डोके कोऱ्या सागात हटकून तुटते.

जुन्या बाजारातले कडे डावीकडे आहे, ओताऱ्याचे उजवीकडे. पाहुणे उजवेच ओढतात.