जीर्णोद्धार की डागडुजी? : इंगलशमच्या चर्चचा धडा



जुन्या मंदिराबद्दल आपण दोन शब्द वापरतो : जीर्णोद्धार आणि डागडुजी. जीर्णोद्धार म्हटला की समिती नेमली जाते, देणग्या जमतात, समारंभ होतो. डागडुजी मात्र निमूटपणे होते. परंतु जुनी वास्तू खरोखर कशाने टिकते? इंग्लंडमधील एका लहानशा खेड्यातील चर्चची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते.

विल्टशर परगण्यात, थेम्स नदीच्या काठी इंगलशम नावाचे गाव आहे. मध्ययुगात नांदती असलेली तेथील वस्ती पुढे जवळजवळ उठून गेली. शेतात तिच्या खुणा तेवढ्या उरल्या. परंतु संत योहान बाप्तिस्ता यांना वाहिलेले तेथील चर्च आजही उभे आहे. त्याचा बराचसा भाग तेराव्या शतकातील आहे. मध्ये भाविकांची जागा, दोन्ही बाजूंना पडव्या, पुढे वेदीचा भाग आणि पश्चिमेकडे छपरावर घंटांसाठी केलेली छोटी बांधणी, एवढाच त्याचा पसारा.

आत गेल्यावर मात्र अनेक शतके एकाच वेळी भेटतात. भिंतीत बसवलेले मरियामाता व बाळ येशूचे दगडी शिल्प चर्चच्या इमारतीपेक्षाही जुने, सुमारे अकराव्या शतकातील आहे. वरून परमेश्वराचा हात आशीर्वाद देत आहे. हे शिल्प पूर्वी बाहेरच्या दक्षिण भिंतीवर होते आणि कोणीतरी त्याचा उपयोग चक्क उन्हाचे घड्याळ म्हणून केला होता! भिंतींवर मध्ययुगीन कॅथलिक काळातील रंगचित्रे आहेत. १५४७ नंतर, राजा सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत, इंग्लंडभर चर्चमधील अशा चित्रांवर चुना फासण्यात आला आणि त्या जागी बायबलमधील वचने लिहिली गेली. इंगलशमला या चित्रांचे आणि वचनांचे थर एकावर एक दिसतात. गंमत अशी की, जी सफेदी चित्रे झाकण्यासाठी लावली, तिनेच अनेक ठिकाणी ती जपून ठेवली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट आली. त्यामागील हेतू वाईट नव्हता. अनेक चर्चची छपरे गळत होती, भिंतींना ओल आली होती, धर्मगुरूंना उपासनेसाठी शोभिवंत जागा हवी होती. परंतु काम हाती घेणाऱ्यांचा आग्रह असे की, चर्च मूळ काळात जसे असेल तसेच दिसले पाहिजे. मग मधल्या शतकांतील बाक मोडीत निघाले, दगड उघडा दिसावा म्हणून जुना गिलावा खरवडला गेला आणि गिलाव्याबरोबर चित्रेही गेली. जे उरले ते सुबक होते, पण जुने राहिले नव्हते.

याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी आवाज उठवला. मॉरिस हे कवी आणि प्रसिद्ध नक्षीकार. तरुणपणी ते धर्मगुरू होण्याच्या इराद्याने ऑक्सफर्डला गेले होते, परंतु पुढे त्यांनी ती वाट सोडली. १८७७ साली त्यांनी व त्यांच्या मित्रांनी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. ती आजही कार्यरत आहे. तिचे म्हणणे साधे होते : जुन्या वास्तूची रोज काळजी घ्या, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही.

इंगलशम हे मॉरिस यांच्या केल्मस्कॉट येथील घरापासून काही मैलांवर. १८८८-८९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने व मदतीने या चर्चची दुरुस्ती झाली. वास्तुविशारद होते मिकलथ्वेट. खिळखिळे झाले होते ते सावरले गेले. जुने होते ते काढले गेले नाही. म्हणूनच दारे असलेले पेटीसारखे जुने बाक आजही तेथे आहेत. हे चर्च मॉरिस यांना प्रिय होते आणि त्यांच्यामुळे त्याची दुरुस्ती झाली, असे सांगणारी पितळी पाटी आत आहे. साध्या डागडुजीची पाटी लागलेली आपण क्वचितच पाहतो!

या विचारामागे शास्त्रही आहे. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगड व रंग सुटू लागतात. त्यामुळे पन्हळीतील पालापाचोळा काढणे, सरकलेले कौल बसवणे, भिंतीलगतचे पाणी वाहते ठेवणे ही किरकोळ वाटणारी कामेच खरे संरक्षण करतात.

चर्च हे काही वस्तुसंग्रहालय नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. भाविकांच्या गरजा बदलतात आणि त्यानुसार मंदिरही बदलते. इंगलशमच्या भिंतीच त्याची साक्ष देतात. परंतु तेथे प्रत्येक पिढीने आपली भर घातली, तेव्हा आधीच्या पिढ्यांची खूण पुरती पुसली गेली नाही. आता इंगलशमला नियमित उपासना होत नाही. सोडून दिलेली चर्च सांभाळणारा एक न्यास त्याची देखभाल करतो. असे असूनही त्या भिंतींसमोर उभे राहिले की शेकडो वर्षे तेथे प्रार्थना केलेल्या अनाम माणसांची जाणीव होते.

विचार करण्यासाठी :

१. आपल्या चर्चमधील सर्वात जुनी वस्तू कोणती? ती तेथे कशी आली, हे सांगू शकणारे कोणी आपल्यात आहे का?

२. पावसाळ्यापूर्वी चर्चच्या पन्हळी, छप्पर व भिंती कोण तपासते?

३. नवे काही करताना, आधीच्या पिढीने श्रद्धेने दिलेले काय आपण काढून टाकत आहोत?